धर्ममातेचं गाव

१

आमची ताई मेलेल्या माणसांची बारशी वाचायचं काम करते, असं विशाखाचा धाकटा भाऊ प्रीतम लोकांना सांगायचा, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

विशाखा नांदेडला तरोड्याकडं दोन खोल्यांत भाड्यानं एकटी राहायची. हैदराबादला शिकत असताना तिनं हौस म्हणून पोर्तुगीज भाषा घेतली होती. हिचा उपयोग काय, असं वडील शेवटपर्यंत विचारत राहिले. पस्तिशीत उपयोग झाला. गोव्यातल्या जुन्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्यांचे फोटो तिच्या लॅपटॉपवर यायचे. कुणी कॅनडात, कुणी लिस्बनमध्ये बसून आपलं मूळ शोधत असायचं. त्यांच्यासाठी ती दोनशे वर्षांपूर्वीचं किरटं अक्षर लावायची आणि एकेक नोंद फॉर्मात भरायची. बाळाचं नाव, आईबाप, तारीख, पाद्री. शेवटी धर्मपिता आणि धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या पाण्याजवळ बाळाला धरणारी आणि पुढं आईबापांचं बरंवाईट झालं तर त्याचं बघणारी माणसं. त्यांचंही नाव, त्यांचंही गाव.

एप्रिल संपत आला होता. टोरांटोच्या एका बाईंना आपल्या पणजोबांच्या धाकट्या भावाची नोंद हवी होती. एकाच लहान गावच्या चर्चच्या चार वह्या होत्या. पहिल्या वहीत, १८११ सालच्या एका पानावर, विशाखा अडली.

बाळ मुलगा. आईबाप शेतकरी. धर्ममाता रोझा. आडनाव नाही, नवरा नाही, बाप नाही. गावाच्या जागी पाद्र्यानं लिहिलं होतं ‘वाटेनं जाणारी’. खाली सहीच्या जागी फुली होती. अडाणी माणसं फुली काढायचीच, पण हिची उजवी दांडी टोकाशी खाली वळली होती, मासे धरायच्या गळासारखी.

फॉर्म ‘धर्ममातेचं गाव’ हा रकाना रिकामा ठेवू देईना. ‘वाटेनं जाणारी’ लिहिलं तर लाल व्हायचा. त्याला देशभरातल्या गावांच्या यादीतलंच गाव हवं होतं. तिनं हैदराबादला दयानंदला फोन लावला. दयानंद तिचा वरिष्ठ, मूळचा उदगीरचा.

"मॅडम, टाका कोणतंबी गाव," तो म्हणाला. "मागून दुरुस्त करू. एका रकान्यापायी वही अडकून राहिली."

विशाखाच्या डोक्यात त्या दिवसांत एकच गाव होतं. प्रीतमची बायको महामाया तिथं दिवस मोजत होती; पहिलं बाळंतपण, तेही दोन मुलं पोटातच गेल्यावरचं. विशाखानं यादीत बोट फिरवलं आणि ‘लातूर’ निवडलं. रकाना हिरवा झाला. ती पुढच्या पानाकडं वळली.

२

तीन दिवसांनी रोझा परत भेटली. दुसरी वही, १८३८ साल, वेगळा पाद्री, वेगळी शाई. धर्ममाता रोझा, वाटेनं जाणारी. खाली फुली, उजवी दांडी वळलेली.

विशाखानं पंखा मोठा केला आणि स्वतःशी हिशेबीपणानं विचार केला. घराण्यात आजीचं नाव नातीला ठेवतात. नात आजीसारखी फुली काढायला शिकली असेल. पण मग नातही वाटेनंच जाणारी कशी?

तिसऱ्या वहीत १८६७. चौथीत १९०२. ह्या तीन नोंदी तिनं न भरता बाजूला ठेवल्या. ती फोटो मोठा करून फुल्यांवर फुल्या ठेवून बघत बसली. मागच्या मोरीत नळ ठिबकत होता. मध्येच तो थांबला, तशी ती दचकली आणि उठून नळ बघून आली. नळ घट्ट बंदच होता.

आता तिला दयानंदचा संशय आला. कामगार नीट वाचतात की नुसते उरकतात, हे तपासायला कंपन्या मधूनच बनावट पानं घालतात, असं तिनं ऐकलं होतं.

"दयानंदजी, ही रोझा तुम्ही घातली काय?"

"कोण रोझा?"

"माझी परीक्षा घेऊन राहिलात ना तुम्ही?"

"मॅडम, माझ्याकडं पानं यायच्या आधी तुमच्याकडं येतात," तो जरा दुखावून म्हणाला. "मी कशाला घालू?"

त्याचा आवाज खरा वाटत होता. तरी तिनं त्याच्यावरचा संशय पुरता सोडला नाही. त्याला सोडलं असतं तर दुसऱ्या कशावर तरी धरावा लागला असता.

मग तिनं त्या चार मुलांचा माग काढला. मूल मोठं होऊन लग्न करतं तेव्हा बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात तसं लिहितात. मेलं तर दफनाच्या वहीत येतं. ह्या चौघांचे समास कोरे होते. दफनाच्या वहीत ती नव्हती. शेजारच्या चर्चमध्येही नव्हती. लग्न नाही, मरण नाही. चौथं, १९०२ चं पोर, हेच टोरांटोच्या बाईंना हवं होतं.

तिनं त्यांना नोंद पाठवली आणि सहज वाटावं असं विचारलं, की ह्या मुलाचं पुढं काय झालं?

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. ‘तो चांगला चालता-बोलता झाल्यावर घरून गेला. आमच्यात एवढंच सांगतात, की मादीन आली आणि तो तिच्या बोटाला धरून गेला. मादीन म्हणजे धर्ममाता. कुणी अडवलं नाही. मादीनच ती, तिला काय विचारायचं?’

विशाखा ते दुसऱ्यांदा वाचत होती तेव्हा फोन वाजला. प्रीतम होता, आणि त्याला धड बोलता येत नव्हतं.

"ताई, पोरगी झाली. दोघी बी चांगल्या हायेत. ये तू."

३

नांदेडहून लातूर चार तासांचं. अहमदपूरच्या पुढं बसमध्ये वारा नुसता भट्टीतून आल्यासारखा येत होता, पण विशाखा खुशीत होती. रोझा मागं नांदेडला राहिली, लॅपटॉपच्या पिशवीत... नाही, पिशवी तर मांडीवरच होती. ती स्वतःशीच हसली.

दवाखाना लहान होता, दुमजली. महामाया खाटेवर उशीला टेकून बसली होती. तिची आई सरजाबाई किनवटहून चार दिवस आधीच आली होती. तिनं बाळ विशाखाच्या हातात दिलं.

बाळाची टाळू ओली होती.

"घाम आलाय काय हिला?" विशाखानं विचारलं.

"घाम नव्हं," सरजाबाई म्हणाली. "तुमच्या मावशीनं सकाळी पाणी लावलं, अजून वाळलं न्हाई. लई ऊन हाय म्हणून. काहीतरी पुटपुटल्या बी. मी म्हणलं, तुमच्याकडची रीत असंल."

"कोणती मावशी?"

"सकाळी आल्या नव्हत्या का? उंच बाई. प्रीतमरावांनी धाडल्या ना."

प्रीतम दारातच उभा होता. "मी कुठं? मला वाटलं, तुमच्याबरोबर किनवटहून आल्यात त्या."

लग्नाकार्यात असं होतं. प्रत्येक जण समजतो, ही दुसऱ्या बाजूची. पण इथं लग्न नव्हतं, एका खाटेची खोली होती.

"तिच्या हातात बाळ किती वेळ होतं?" विशाखानं विचारलं.

महामाया हळूच म्हणाली, "ताई, पहिल्यांदा घेतलंच त्यांनी. आई खाली गोळ्या आणाय गेली होती, हे फॉर्म भरून राहिले होते. सिस्टरनं बाळ बाहेर आणलं तवा दारात त्याच उभ्या होत्या."

विशाखा खाली गेली. मल्लम्मा सिस्टर देगलूरकडची, पन्नाशीची, शांत बाई होती. बाळ ताब्यात घेणाऱ्याची सही आम्ही घेतो, ती म्हणाली, आणि तिनं वही काढून ठेवली.

"नातं विचारलं मी. त्या म्हणल्या, धर्माची आई. तसंच लिहिलं. मानलेली असंल, म्हणलं. असतात की."

तारीख, वेळ, बाळाचं वजन. नातं: धर्माची आई. सहीच्या रकान्यात फुली. उजवी दांडी टोकाशी खाली वळली होती.

"गाव लिहायचा रकाना न्हाई का ह्यात?" विशाखानं विचारलं. आपला आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

"न्हाई. पण मी विचारलं होतं. म्हणल्या, आता लातूरच."

४

विशाखानं प्रीतमला सगळं सांगितलं. लॅपटॉप उघडून चारही फुल्या दाखवल्या, दवाखान्यातल्या वहीचा फोनवर काढलेला फोटो शेजारी ठेवला. प्रीतम शाळेत विज्ञान शिकवायचा. त्यानं मन लावून बघितलं आणि मग बहिणीकडं बघितलं. ती नजर तिला फुलीपेक्षा जास्त लागली.

"ताई, तू एकटी राहती. दिवसभर हेच वाचती. एखादी म्हातारी चुकून दुसऱ्याच्या खोलीत आली असंल. लिहिता न येणारं माणूस कशी बी फुली काढतं."

"आणि धर्माची आई?"

"आपल्यात म्हणतातच ना तसं. हे महामायाला दाखवू नको. दोन लेकरं गेलीत तिची."

तिनं दाखवलं नाही. बाळाला घरी आणलं, औसा रोडच्या मागच्या कॉलनीत. पाचव्या दिवशी घरातल्या घरात बुद्धवंदना घेऊन नाव ठेवलं, खेमा. विशाखा दाराशी उभी राहून आत येणारी एकेक बाई बघत होती. ही कोण, ती कोण, कुणाच्या ओळखीची? प्रीतमच्या बायकोकडच्या दोघी रागावल्याही. आत्या झाली म्हणून दरवान झाली का, असं एकीनं विचारलं. अनोळखी कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरजाबाई मागं धुणं वाळत घालून आली आणि म्हणाली, "त्या बाई आल्या होत्या फाटकात. लेकरू दूध पितंय का, इचारत होत्या. रोज इचारतात."

"रोज?"

"इथं आल्यापास्नं. आत या म्हणलं तर म्हणतात, आता नगं. चालाय लागली की येते."

विशाखा अनवाणीच बाहेर धावली. फाटकाची कडी अजून हलत होती. रस्ता दोन्हीकडं पांढराफटक पडला होता, सावली नावाला नव्हती. पार टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी, एक उंच बाई वळत होती. पाठ दिसली, काळपट पातळ दिसलं. विशाखानं हाक मारली नाही. काय म्हणून मारायची? बाई वळून गेली, आणि विशाखाला जाणवलं, की आपण त्या बाईच्या हाताकडं बघत होतो. तो हात खाली, जरासा बाजूला धरलेला होता, बोट मोकळं सोडून. लहान मुलाला चालवताना धरतो तसा.

घरात येऊन तिनं लॅपटॉप उघडला. १८११ ची नोंद. धर्ममातेचं गाव: लातूर. आता लातूरच.

हे खरं नाही, असं तिची बुद्धी सांगत होती. एका रकान्यात गाव भरल्यानं कुणी कुठं येत नसतं. मग पुसून टाकायला काय हरकत आहे? तिनं पुसलं. रकाना लाल झाला. नोंद जतन होईना.

दुसरं गाव टाकायला हवं होतं. यादी समोर होती. उदगीर, किनवट, रेणापूर, निलंगा. प्रत्येक गावात पाळणे होते. बोट एकेका नावावर थांबून पुढं सरकत होतं, आणि आपण हे इतक्या गंभीरपणे करतोय याचीच तिला भीती वाटत होती. शेवटी तिनं असं एक गाव निवडलं, जिथं तिच्या माहितीत एका घरात तरी मूल नव्हतं, होणारही नव्हतं. तिचं स्वतःचं घर. ‘नांदेड’. खाली शेऱ्याची जागा होती. तिथं तिनं गल्ली आणि घर क्रमांकही लिहिला.

रकाना हिरवा झाला.

५

त्या दिवसापासून फाटकात कुणी आलं नाही. सरजाबाईनं दोन दिवस वाट बघितली. म्हणाली, गेल्या वाटतं आपल्या गावाला. खेमा दूध प्यायची, झोपायची. प्रीतम बहिणीशी परत नीट बोलू लागला. चौथ्या दिवशी विशाखा नांदेडच्या बसमध्ये बसली.

घरी पोचली तेव्हा साडेचार वाजले होते. जाळीचा दरवाजा बंद, कुलूप जागच्या जागी. आत सगळं होतं तसं होतं. तिनं मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि खाटेवर बसून राहिली. कुणी येईल म्हणून नव्हे. नुसतीच.

वरून घरमालकीण सिंधुबाई जिन्यानं उतरली.

"आलात का? बरं झालं. आमची तनुजा आली की काल रेणापूरहून. आठवा लागला, पहिलटकरीण. सासूनं लवकरच धाडलं."

विशाखानं तिच्याकडं बघितलं. तनुजाचं लग्न झालेलं तिला माहीत होतं. एवढंच माहीत होतं.

"आणि तुमच्या मावशी आल्यात," सिंधुबाई म्हणाली. "तुमचं कुलूप होतं, म्हणून वर बसवलं. लई गोड माणूस. तनुजाजवळच बसल्यात दुपारपासून."

जिना अकरा पायऱ्यांचा होता. विशाखा तो चढली तेव्हा वरच्या खोलीतून आवाज नव्हता. दार अर्धं लोटलेलं. खिडकीला ओली चादर लावली होती, त्यामुळं आत हिरवट अंधार होता. तनुजा चटईवर कुशीवर झोपली होती. तिच्या पोटाशी, भिंतीकडं तोंड करून, ती उंच बाई बसली होती. शेजारी पाण्यानं भरलेला तांब्या. एक लांब हात तनुजाच्या पोटावर, दुसरा तांब्याच्या काठावर.

अजून बोटं ओली नव्हती. तेवढंच विशाखानं नीट बघितलं.

सिंधुबाईला हाक मारावी, शेजाऱ्यांना बोलवावं, हाताला धरून हिला रस्त्यावर काढावं. रस्त्यावर काढलं की ती वाटेला लागणार, आणि वाट तर तिचीच होती. दोनशे वर्षांत हिला पाणी सगळ्यांनी दिलं असेल. ये, राहा, असं कुणी म्हणालं असेल का?

"मावशी," विशाखा म्हणाली. "वर कशाला बसलात? माझं घर खाली हाय. खाली चला. माझ्याकडंच राहा."

बाई हलली नाही. खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

"किती दिवस?" तिनं भिंतीकडंच बघत विचारलं. आवाज साधा होता, बायकांचा असतो तसा, जरा थकलेला.

"कायमच्या," विशाखा म्हणाली.

पोटावरचा हात निघाला. बाई उठली, उठताना भिंतीवर तिची सावली छतापर्यंत गेली. विशाखानं खाली मान घातली आणि पायऱ्या मोजत पुढं उतरली. मागं पावलं येत होती. खोलीत दोघी आल्यावर तिनं जाळीचा दरवाजा आतून लावला आणि कुलूप घातलं. किल्ली गळ्यात अडकवली.

६

तनुजाला मुलगा झाला, चांगला आठ पौंडाचा. सिंधुबाईनं पेढे आणून दिले, मावशींचा वेगळा पुडा.

मावशी आतल्या खोलीत राहते. फारसं बोलत नाही. जेवते थोडं, पाणी खूप पिते. विशाखा अजून तिच्या तोंडाकडं सरळ बघत नाही. बघायची गरज पडत नाही असं तिनं ठरवून टाकलं आहे. दयानंदनं मध्यंतरी विचारलं, "मॅडम, त्या रोझाचं गाव पक्कं झालं का? वही बंद करायची हाय." ती म्हणाली, "पक्कं झालं. नांदेडच." टोरांटोच्या बाईंना मात्र तिनं पुढं काही कळवलं नाही.

लातूरला ती गेली नाही. एकदा, खेमा सहा महिन्यांची झाली तेव्हा, राहवेना म्हणून तिनं पिशवी भरायला घेतली होती. आत खाट करकरली. मावशी उठून उभी राहिली होती, पदर नीट करत होती, बरोबर निघायच्या तयारीनं. विशाखानं पिशवीतले कपडे एकेक करून परत फडताळात ठेवले. शेवटची साडी ठेवून होईपर्यंत मावशी उभी होती. मग बसली.

प्रीतम फोनवर रागावतो. "सख्खी आत्या तू. एकदा बी लेकराला बघाय येत न्हाईस. महामाया इचारती, ताईचं काय चुकलं आमच्याकडून?" काम लई हाय, असं ती सांगते. त्याला ते पटत नाही. अलीकडं त्याचे फोन कमी झालेत. महामाया मात्र न चुकता व्हिडिओ पाठवते. विशाखा ते गच्चीवर जाऊन, आवाज बंद करून बघते, आणि बघून झाले की पुसते.

परवा सकाळी असाच एक आला. औसा रोडच्या घराची ओसरी. खेमा भिंतीला धरून उभी. भिंत सोडली. एक पाऊल, दोन, तीन, चार, आणि सरजाबाईच्या मांडीवर धपकन. विशाखानं तो तीनदा बघितला. डोळे पुसले, व्हिडिओ पुसला, खाली आली आणि कणीक मळायला बसली.

मावशी आतल्या दाराशी येऊन उभी राहिली होती. ती सहसा येत नाही.

"तुझी भाची," ती म्हणाली, "चालाय लागली असंल आता."

विशाखानं परातीतून मान वर केली नाही. पिठात दोन्ही हात मनगटापर्यंत होते आणि ते तिनं थांबू दिले नाहीत.

"न्हाई," ती म्हणाली. "अजून न्हाई."

मावशीची पावलं मागं गेली, खाट करकरली.

"असू दे," आतून आवाज आला. "मला घाई न्हाई."